फॉस्फरसचा जमाखर्च : तीन एकर, एक म्हैस, सहा माणसं

९ जून २०२४

परवा मृग लागला. दादा आज तालुक्याहून डीएपी खताची (डायअमोनियम फॉस्फेट) तीन पोती घेऊन आला आणि सोबत कुणी न मागितलेल्या 'ग्रोथ प्रमोटर'च्या दोन बाटल्या. पोत्यावर १३५० रुपये छापलेत, पण बाटल्या घेतल्या नाहीत तर पोतं नाही. याला लिंकिंग म्हणतात. दरवर्षी तक्रार करायची ठरवतो आणि दरवर्षी पेरणी आधी येते.

पोती पडवीत उतरवताना वाटलं, वीस वर्षं आपण हे रानात ओततोय, ते जातं कुठं? मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. घरच्या तीन एकरांत दर खरिपाला तीन पोती, म्हणजे साठ पोती झाली. सोयाबीनचा उतारा मात्र होता तिथंच आहे. यंदा वही घालायची असं ठरवलं. फक्त फॉस्फरसची. शेतात किती आला, शेतातून किती गेला, घरात, गोठ्यात किती फिरला. अकरावीच्या पोरांचा प्रकल्पही होईल.

पहिली नोंद : डीएपी तीन पोती, १८:४६:०, म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरसच) आणि पालाश यांचे टक्के. पोत्यात २३ किलो. जमा ६९ किलो फॉस्फरस.

११ जून

वरची नोंद चूक. खोडत नाही, पोरांना दाखवायला राहू दे.

पोत्यावरचा ४६ हा आकडा फॉस्फरसचा नाही, पी२ओ५चा आहे. खतात पी२ओ५ नावाचं काही नसतंही. फॉस्फरस जाळला की जे भस्म उरतं त्याच्या हिशेबात मोजायची जुनी पद्धत, ती खताच्या धंद्याने सोडलीच नाही. त्यात निव्वळ फॉस्फरस ४३.६ टक्के. म्हणजे पोत्यात १० किलो आणि तीन पोत्यांत ३०. बारावीला हे दरवर्षी फळ्यावर लिहितो, आणि स्वतःच्या वहीत पहिल्याच पानावर सव्वादोन पट घोळ.

शेणखत दोन ट्रॉल्या पडलंय, धरा चार टन. त्यात पी२ओ५ साधारण ०.२ टक्के, म्हणजे फॉस्फरस साडेतीन किलो.

जमा : ३३.५ किलो.

१७ जून

पेरणी झाली. बियाण्याला आधी बुरशीनाशक, सावलीत वाळवून मग रायझोबियम (हवेतला नत्र धरणारे जिवाणू) आणि पीएसबी, दहा किलोला पाव-पाव किलो, गुळाच्या पाण्यात कालवून. पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. ते आम्ल सोडतात आणि मातीत अडकलेला फॉस्फरस सैल करतात. वहिनी म्हणाली, बियाण्याला लाडवाचा वास येतोय.

खत तिफणीने बियाण्याच्या खाली पडलं पाहिजे, यावर दादाचं नि माझं एकमत आहे. असे विषय थोडेच आहेत. युरिया पाण्याबरोबर धावतो, फॉस्फरस मात्र पडला तिथून हंगामभरात काही मिलिमीटरच सरकतो. वरून फेकलेलं डीएपी वरच बसून राहतं आणि मूळ खाली शोधत जातं. शेजारच्या रानात आज पंख्यासारखं हाताने फेकणं चालू होतं. बघून पोटात कालवलं, पण बांधावरून शिकवायला गेलं की लोक म्हणतात, मास्तर आले.

७ जुलै

प्रयोगशाळेचा दिवस. रविवार असून सहा पोरं आली. तीन एकरांतून तीन नमुने : वरचा तुकडा, मधला, आणि गोठ्याकडचा.

आमच्या मातीचा सामू (पीएच) ८.२, चुनखडी भरपूर, म्हणून फॉस्फरस मोजायला ओल्सनची पद्धत. अडीच ग्रॅम माती, पन्नास मिली सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण, सामू बरोबर ८.५, रंग काढायला चिमूटभर कोळसा पूड आणि अर्धा तास हलवायचं. हलवायचं यंत्र आमच्याकडे नाही. पोरांनी पाळ्या लावून, मोबाइलवर गाणी लावून हलवलं. मग गाळणं, आम्ल घालणं. इथं जोरात फसफसतं, दोघांच्या बाटल्या उतू गेल्या. शेवटी अमोनियम मॉलिब्डेट आणि स्टॅनस क्लोराइड. फॉस्फरस असेल तितका निळा रंग चढतो. तो रंग टिकत नाही, दहा-बारा मिनिटांत वाचन घ्यावं लागतं.

रंग सुरेख चढला. अडचण एवढीच की माती न घातलेली कोरी बाटलीही निळी झाली.

सगळी वाचनं रद्द. माझा संशय भांडी घासायच्या पावडरवर. धुण्याच्या पावडरींत पाणी मऊ करायला फॉस्फेट घालायची जुनी रीत आहे आणि काचेला ते चिकटून राहतं. सगळी भांडी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ठेवली.

१४ जुलै

कोरी बाटली पुन्हा निळी. पावडरीवर उगाच आळ घेतला.

मग एक-एक गोष्ट वगळत गेलो. पाणी ठीक. बायकार्बोनेट ठीक. कोळसा वगळला आणि बाटली पाण्यासारखी स्वच्छ राहिली. आमच्या कपाटातला कोळसा साधा, त्यात मुळातच फॉस्फेट होतं. या चाचणीला फॉस्फरसमुक्त कोळसा लागतो हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं, ती ओळ मी वाचली नव्हती. एका पोरीने उपाय काढला : हाच कोळसा आम्लाने चार-पाचदा धुऊन, ऊन पाण्याने निथळून वापरायचा. चालला.

निकाल : वरचा तुकडा ८.२ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), मधला ९.१, गोठ्याकडचा ११.४. हेक्टरी किलोत करायला २.२४ ने गुणायचं, म्हणजे साधारण १८, २० आणि २५. वाईट नाही, मध्यम.

खरी गंमत पुढे आहे. हा झाला पिकाला मिळू शकणारा फॉस्फरस. काळ्या मातीत एकूण फॉस्फरस साधारण ५०० पीपीएम धरला तर एकरी साडेचारशे किलो होतो. डीएपीच्या पोत्यात दहा. म्हणजे एकरात पंचेचाळीस पोती आधीच पुरलेली आहेत आणि त्यावर चुनखडीचं कुलूप आहे. विरघळलेलं फॉस्फेट कॅल्शियमला भेटलं की हळूहळू दगडाच्या जातीचं होत जातं. हाडाच्या जातीचंही म्हणा. हाड म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटच.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, ''पंचेचाळीस पोती हैत तर मग काढ की.''

२ सप्टेंबर

पोळा. बैल आता शेजाऱ्यांचेच, आपण पुरणपोळीपुरते. पण पोळा कुणाला सुचतोय, कालपासून पाऊस थांबलेला नाही. ओढ्याकडच्या कडेला सोयाबीन पाण्यात उभं आहे. ओढा चहासारखा वाहतोय.

वहीत 'खर्च : वाहून गेलेला' असा रकाना केला आणि तो रिकामा ठेवला. फॉस्फरस पाण्यात फारसा विरघळत नाही, तो मातीच्या बारीक कणांना धरून बसतो. कण गेले की तोही गेला. ओढ्याचं पाणी गढूळ दिसतं तेवढा तो जातोय. पुढे ओढा गोदावरीला.

पुण्याला धाकटी बहीण असते. मुळा-मुठेवर जलपर्णी कशी गच्च बसते याचे फोटो ती पाठवत असते. तिथं आमच्यासारखी रानं कमी, मोऱ्या नि संडास जास्त. पाण्यात वनस्पतींना बाकी सगळं मिळतं, अडतं बहुतेक फॉस्फरसवर. तो फुकट मिळाला की जलपर्णीला आवरणार कोण. इथं कुलपात, तिथं पुरात.

१६ ऑक्टोबर

मळणी झाली. कडेचं गेलं तरी तीन एकरांत २१ क्विंटल. हमीभाव ४८९२, बाजारात चार हजाराच्या आसपास. यावर लिहायला दुसरी वही लागेल.

सोयाबीनच्या दाण्यात फॉस्फरस टक्क्याच्या दोन तृतीयांश, कडधान्य-गळिताच्या मानाने भरपूर. २१ क्विंटलमधून १४ किलो. भुसकट घरी राहिलं, पण त्यात जवळजवळ काहीच नाही. झाड पिकत आलं की पानांतला, खोडातला फॉस्फरस गोळा करून दाण्यात भरतं. लेकराला डबा बांधून द्यावा तसं. आणि आपण तो डबाच विकतो.

दाण्यातला बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात असतो. माणसाच्या पोटाला तो नीट फोडता येत नाही, वर तो लोह आणि जस्तही धरून ठेवतो. धान्य भिजवून मोड आणले की बीच स्वतःचं विकर (एन्झाइम) सोडून तो मोकळा करतं. आई मटकीला मोड आणते ते चवीसाठी, हे तिनेच स्पष्ट केलं.

खर्च : १४ किलो.

२९ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर आणि हरभऱ्याला डीएपी नाही. चार दुकानं झाली. दादा वैतागून सिंगल सुपर फॉस्फेटची पाच पोती घेऊन आला. मला मनातून बरंच वाटलं. त्यात पी२ओ५ सोळाच टक्के, पण सोबत गंधक नि कॅल्शियम. कडधान्याला गंधक लागतंच.

डीएपी का नाही याचं उत्तर आपल्या तालुक्यात नाही. फॉस्फेटचा दगड जगात मोजक्या जागी आहे, ज्ञात साठ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहाराच्या वाळूखाली. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोट्राची खाण आहे, ती पुरत नाही. दगड, आम्ल आणि तयार डीएपी बाहेरून येतं. चीनने निर्यात आवळली की परभणीच्या दुकानदाराचं शटर खाली.

याच संधीवर मी डाव टाकला. दोन एकरांत सिंगल सुपर, पाच पोती. तिसऱ्या, गोठ्याकडच्या एकरात फक्त बीजप्रक्रिया, खत शून्य. दादा दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, ''तुझ्या पगारातून भरपाई.'' कबूल केलं.

जमा : पाच पोती, ४० किलो पी२ओ५, म्हणजे फॉस्फरस १७.५ किलो.

१८ डिसेंबर

म्हैस व्यायली त्याला आज सतरा दिवस. सकाळी वहिनीने हाक मारली, ''भावजी, हिकडं या, लघवी बघा.'' कॉफीच्या रंगाची. कालपासून चारा कमी, दूध निम्म्यावर, श्वास जोरात.

डॉक्टर अकराला आले. त्यांनी काचेच्या बाटलीत लघवी धरली आणि खिडकीत ठेवली. रक्त असतं तर तांबड्या पेशी तळाशी बसून वर स्वच्छ झालं असतं. अर्ध्या तासानेही रंग सगळीकडे सारखाच. म्हणजे रक्त सांडत नाहीये, पेशी अंगातच फुटताहेत आणि त्यांचा रंग लघवीत उतरतोय. म्हणाले, ''फॉस्फरस कमी पडला. व्यायल्यावर महिनाभरात होतं असं, जास्त दुधाच्या म्हशीला.'' शिरेतून सोडियम ॲसिड फॉस्फेट दिलं.

मी रेडकाला धरून उभा होतो आणि हसावं की रडावं कळेना. एकराला पंचेचाळीस पोती पुरलेली, पडवीत खताचं पोतं, हातात फॉस्फरसची वही, आणि दावणीची म्हैस फॉस्फरसवाचून मरायला टेकलेली.

रात्री हिशेब केला. आठ लिटर दूध, लिटरला सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे रोज नऊ-दहा ग्रॅम फॉस्फरस नुसता दुधातून बाहेर. खायला काय? आठ-नऊ किलो कडबा नि सोयाबीनचं भुसकट. त्यात शेकडा ०.१ धरला तर आठ-नऊ ग्रॅम, त्यातलाही सगळा अंगी लागत नाही. सरकी पेंड महागली म्हणून दसऱ्यापासून बंद केली होती. मीच.

तांबड्या पेशीला आपलं आवरण शाबूत ठेवायला एटीपी हे पेशीचं इंधन लागतं. एटीपी म्हणजे तीन फॉस्फेटची साखळी, शेवटची कडी तुटली की काम होतं, पुन्हा जोडली जाते. माणसाच्या अंगात एका वेळी शंभरेक ग्रॅमच्या आसपास एटीपी, पण दिवसभरात तेच इतक्या वेळा फिरतं की बेरीज आपल्या वजनाइतकी होते. फॉस्फेट संपलं की ही रहाटच थांबते आणि पेशी फुटतात. एटीपीचं चित्र मी शंभर वेळा फळ्यावर काढलंय. त्याचा रंग आज पहिल्यांदा पाहिला.

२१ डिसेंबर

लघवी स्वच्छ. रवंथ चालू. गव्हाचा कोंडा रोज दोन किलो, सरकी पेंड आणि खनिज मिश्रण सुरू. कोंड्यात फॉस्फरस टक्क्याच्या आसपास असतो, कडब्याच्या दहापट. आपण चाळून टाकतो तो.

आई म्हणाली, गेल्या उन्हाळ्यात ही म्हैस दोरीवरचं लुगडं चघळायची, तेव्हाच काहीतरी कमी होतं. हाडं, कापड, माती चघळणं हे फॉस्फरस कमी असल्याचं जुनं लक्षण. तेव्हा आम्ही म्हशीला रागावलो होतो.

१२ जानेवारी २०२५

पहाटे साडेपाचला आईसोबत हरभऱ्यात. ती लहानपणी माहेरी आंब धरायची ते दाखवते म्हणाली. पांढरं धुतलेलं धोतर दोघांनी दोन टोकांना धरायचं आणि झाडांच्या शेंड्यांवरून अलगद ओढत न्यायचं. दव आणि पानांवरचा खार त्यात उतरतो. मग पिळायचं. तीन ओळी झाल्यावर अर्धी वाटी निघाली, किंचित पिवळसर. आईने बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले. अजीर्णावर देत असत म्हणे. मी सामूची पट्टी बुडवली, १ आणि २ च्या मध्ये. माझ्या पायजम्याला भोकं पडणार असं तिचं भाकीत आहे.

हे मुख्यतः मॅलिक आम्ल. पानांवरचं आम्ल मातीतला फॉस्फरस सोडवत नाही, ते काम मुळांचं. पण हरभरा हे आंबट झाड आहे आणि त्याची मुळंही सायट्रिक, मॅलिक, मॅलॉनिक आम्लं सोडतात. कॅल्शियमच्या कुलपाला नेमकी ती किल्ली लागते. तुरीची किल्ली वेगळी. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत १९९० च्या सुमारास दिसलं की तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडून लोहाला चिकटलेला फॉस्फरस सोडवतात. ते तांबड्या मातीत कामाचं. आपल्या काळ्या रानात हरभरा.

सोयाबीननंतर हरभरा ही आमच्याकडची चाल या रसायनामुळे पडली असं मी म्हणणार नाही. ओल असते म्हणून पडली. पण आंबेची वाटी मी वर्गात नेली.

१३ जानेवारी

वर्गात ती वाटी बाजूलाच राहिली. एकाने विचारलं, ''सर, जिवांनी फॉस्फरसच का घेतला?'' चांगला प्रश्न. डीएनएच्या साखळीत फॉस्फेट दोन बाजूंना दोन हात धरतं आणि तरीही त्याच्याकडे एक ऋण भार उरतो. त्या भारामुळे रेणू पेशीच्या तेलकट पडद्यातून निसटत नाही आणि पाण्याने सहज तुटतही नाही. दोन हात धरून वर भार राखणारं दुसरं स्वस्त काही नाही. तास संपला.

मधल्या सुट्टीत काडेपेटी दाखवली. फॉस्फरस काडीच्या गुलात नसतो, पेटीच्या कडेच्या पट्टीत असतो, तांबडा. गुलात पोटॅशियम क्लोरेट. पूर्वी गुलात पांढरा फॉस्फरस असे आणि कारखान्यातल्या बायका-पोरांचे जबडे सडत. लंडनच्या काडेपेटी कामगार मुलींनी १८८८ साली संप केला. भारतात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर १९१३ च्या कायद्याने बंदी आली. पोरांना संप आवडला.

हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडने १६६९ साली सोनं काढायला पिंपच्या पिंप लघवी आटवली आणि त्यातून अंधारात चमकणारा फॉस्फरस निघाला, हे सांगताच वर्ग हातचा गेला. पण हिशेब खरा आहे. माणूस रोज ग्रॅमभर फॉस्फरस खातो आणि मोठं माणूस तितकाच बाहेर टाकतो, त्यातला बराच लघवीतून. आमची सहा माणसं, वर्षाला दोन किलोच्या वर. सगळा शोषखड्ड्यात. लिंबाच्या झाडाला दहापट पाणी घालून देता येईल, असं घरी सुचवून पाहिलं. वहीत एवढंच लिहितो की सूचना मंजूर झाली नाही.

९ मार्च

हरभरा निघाला. सिंगल सुपरच्या दोन एकरांत १२.५ क्विंटल, बिनखताच्या एकरात ५.९.

एकरी फरक ३५ किलोचा. भाव साडेपाच हजाराच्या आत-बाहेर, म्हणजे एकोणीसशे रुपये. एकरी अडीच पोत्यांचे साडेबाराशे. दादा बोटांवर मोजून म्हणाला, ''म्हंजी खत टाकलेलंच बरं.'' यंदापुरतं बरोबर आहे. पण बिनखताचं एकर गोठ्याकडचं, तिथं मुळात फॉस्फरस जास्त होता, तेव्हा हा सामना बरोबरीचा नव्हता. आणि एका वर्षाच्या, एका-एका तुकड्याच्या फरकावर काही सांगणं म्हणजे एका चेंडूवर फलंदाज जोखणं. माझी मांडणी चुकली. पट्टे आलटून-पालटून ठेवायला हवे होते.

घरच्या हरभऱ्याच्या कोठीत यंदा सल्फासच्या गोळ्या टाकू दिल्या नाहीत. ॲल्युमिनियम फॉस्फाइड आहे ते, हवेतल्या दमटपणानेसुद्धा फॉस्फिन सुटतो, आणि आमची कोठी झोपायच्या खोलीत. कडुलिंबाचा पाला आणि कडक ऊन. कीड लागली तर माझ्या नावावर.

१६ मार्च

वर्षाचा ताळा.

जमा : डीएपी ३०, शेणखत ३.५, सिंगल सुपर १७.५. एकूण ५१ किलो.
खर्च : सोयाबीन १४, हरभरा ६.५. एकूण २०.५ किलो. वाहून गेलेला : कोरा.
शिल्लक मातीत : ३०.५ किलो, त्यातून वाहून गेलेला वजा.

म्हणजे डीएपीची जवळजवळ तीन पोती पुन्हा कुलपात. सोयाबीनला एकरी पोतं ही शिफारसच आहे, हेक्टरी ६० किलो पी२ओ५, आम्ही काही उधळपट्टी केली नाही. नव्या रानाला, कमी फॉस्फरसच्या मातीला ते लागेलही. वीस वर्षं पोसलेल्या मध्यम मातीला दरवर्षी तेवढंच का, हे मला विचारायचंय. माझ्या मते गोठ्याकडच्या एकराला अर्धं पोतं पुष्कळ, आणि वाचलेल्या पैशातून सरकी पेंड. ती म्हशीच्या पोटातून शेणखत होऊन रानातच येते.

२३ मार्च

तिन्ही तुकड्यांतून मातीचे नमुने काढले, यंदा प्रत्येकी सहा-सहा जागांहून. सावलीत पसरलेत. कोळसा धुऊन ठेवलाय.

संध्याकाळी दादा आला. खरिपाची तीन पोती आगाऊ सांगून ठेवली म्हणाला. मी म्हटलं, अरे, अजून माती तपासायचीय. ''मिळतंय तवर घिऊन ठिवतो,'' तो म्हणाला. ''तुझी वही तू लिही.''

यावेळी बाटल्या तीन आहेत.